नमुना आणा

पहिल्या खर्ड्यात त्याचं नाव होतं झ्वांगफूट.
तीन डोळे, कानांतून वाफ,
लक्ष्मी रोडवर उतरल्या उतरल्या
केळीच्या सालीवरून घसरायचा.
लिहिताना मी इतका हसलो
की वाचणाऱ्याच्या वाटणीचं काही उरलंच नाही.

कुंदा राजहंसनं पानं परत दिली.
सव्वीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई,
विनोदसुद्धा आधी ऱ्हस्व-दीर्घ बघून वाचते.
समासात लाल शाईनं एवढंच:
घसरला. बरं. पण निघाला कुठे होता?

मला माहीत नव्हतं.
सात प्रकरणं, दोन आकाशगंगा, एक वेडा संगणक,
आणि कुणालाच कुठंही जायचं नव्हतं.

मग माझ्या स्कूटरचा वॉशर गेला.
नाना पेठ, भर दुपार,
भिंतभर डबे, डब्यांवर खडूचे आकडे,
काउंटरमागे मोहसीन तांबोळी.
"माप?"
"माहीत नाही."
"नमुना आणा."
"अहो, तोच तर हरवलाय."
"हां. मग नमुना आणा."
आवाजात राग नाही, थट्टा नाही.
ग्रह फिरतात तसा
तो आपल्या जागी बरोबर होता.

घरी येऊन मी तिसरा डोळा खोडला.
वाफ बंद केली.
उरला एक पोक्त करनिरीक्षक, वर्ग दोन,
कुठल्याशा चंद्रावरचा,
ज्याचं यान पर्वतीच्या मागं अडलंय
चार आण्यांच्या वॉशरपायी.
नमुना काढला तर यान फुटेल.
नाही काढला तर माप मिळणार नाही.
आणि तिकडे त्याच्या मुलीचं कवच गळायला आलंय.
ते एकदाच गळतं.
बापानं समोर उभं राहायचं असतं.

नाव त्यानंच घेतलं, दुकानांच्या पाट्या वाचून:
प्रोप्रा.
त्याला वाटलं पदवी असावी,
इथल्या थोरांच्या नावाआधी लावतात.
या वेळी मी हसलो नाही.
नुसतं लिहून घेतलं.

दत्तवाडीत कॉट भाड्यानं घेतली त्यानं.
आगाऊ भाडं, पावती, पावतीची नक्कल.
रात्री गच्चीवर यंत्र लावून
"उद्या" या शब्दाची लांबी मोजली:
एकोणीस दिवस, कमीजास्त.
"बघू" मोजायला गेला
तर काटाच तुटला.

पाचव्या प्रकरणात तो मोहसीनला
आंतरग्रहीय नियम दाखवतो, कलम चाळीस, पोटकलम ग.
मोहसीन त्यात भजी बांधून देतो.
नवव्यात चहा सांगतो तो, दोन कटिंग, स्वतःच्या पैशानं.
बाराव्यात मोहसीन म्हणतो,
"जरा बस गल्ल्यावर, नमाज पढून येतो."
तो बसतो. पाठ ताठ. हात मांडीवर.
तेवढ्यात सासवडचा एक माणूस धापा टाकत येतो,
ट्रॅक्टर अडलाय, एस्टी सुटेल, बायको दवाखान्यात,
एक वॉशर द्या हो, एवढासा, असा गोल.
प्रोप्रा त्याच्याकडे बघतो.
आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाहून आलेला तो
डोळे मिटतो, उघडतो,
म्हणतो,
"नमुना आणा."

इथे कुंदा हसली.
एकदाच, नाकातून,
चहा पान दोनशे सहावर.
ते पुसता पुसता तिनं एक अनुस्वार दुरुस्त केला,
मग पुढची पानं न उलटता विचारलं,
"मिळतो का त्याला शेवटी?"
"चौदाव्यात. मोहसीनच देतो, जुन्या डब्यातून.
सदऱ्याच्या खिशात आहे त्याच्या."
"पण हा अजून गल्ल्यावरच.
विसरलाय?"
"नाही."

टोपण लावलेलं पेन तिनं पुन्हा उघडलं.
हसणं आणि पुढची ओळ यांच्या मध्ये
बारीकशी खूण केली, मुद्रितावर करतात ती:
इथे जागा सोडा.